बघणारे आणि करणारे : फाळक्यांच्या घरातला कारखाना

हल्ली एक सल्ला आपल्याला सगळीकडून ऐकू येतो. नुसतं बघत बसू नका, स्वतःच्या हाताने काहीतरी करा. फोन बाजूला ठेवा, भाकरी थापायला शिका, तबला शिका, मातीत हात घाला. सल्ला वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि आज आपण ती इतिहासाच्या बाजूने तपासणार आहोत. गृहीत असं आहे की बघणारा एक माणूस असतो आणि करणारा दुसराच. जो बघण्यात बुडाला तो करण्यातून गेला, आणि ज्याला काही करायचं आहे त्याने बघणं सोडायला हवं.

आम्ही जेव्हा या विषयासाठी उदाहरण शोधायला लागलो तेव्हा चरखा आला, स्वदेशी आली, हातमाग आला. ते सगळं योग्यच होतं, पण कापड आणि कंटेंट यांत फरक आहे. कापड आपण नेसतो, कंटेंट आपण बघतो. म्हणून आम्हाला असं उदाहरण हवं होतं जिथे लोक आधी नुसते प्रेक्षक होते, तेही परदेशातून आलेल्या चित्रांचे, आणि त्यातल्या काहींनी ती चित्रं स्वतः करायला घेतली. हे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. गिरगाव, दादर, कल्याण, कोल्हापूर. काळ साधारण १८९२ ते १९२०.

सुरुवात कल्याणपासून करू, कारण ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांच्या हाती इंग्लंडहून आलेला जादूचा कंदील लागला. जादूचा कंदील म्हणजे दिव्यापुढे काचेवरचं चित्र धरायचं आणि भिंगातून ते पडद्यावर मोठं करून दाखवायचं. त्यांचे मित्र मदनराव पितळे यांनी तो आणवला होता. विलायती कंदिलाबरोबर विलायती काचा मिळायच्या. त्या दाखवून पैसे मिळवता आले असते, आणि असे खेळ करणारे बरेच होतेही. पटवर्धनांनी मात्र स्वतः काचा रंगवायला घेतल्या. रामायण-महाभारतातले प्रसंग, सर्कशीतली माणसं, सगळं हाताने, तळहाताएवढ्या काचेवर. काही काचांना हलणारे भाग जोडले, म्हणजे पडद्यावर हात हलेल, मान वळेल. बरोबर निवेदन, संवाद, गाणी. १८९२ मध्ये त्यांनी या खेळाला नाव दिलं ‘शांभरिक खरोलिका’. पुढे मुलगे रामचंद्र आणि विनायक यांनी हा खेळ गावोगाव नेला, आणि साधारण पंचवीस वर्षं तो चालला.

काचेवर रंगवायचं म्हणजे काय, हे जरा डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर चित्र दहापट, वीसपट मोठं होणार. म्हणजे कुंचल्याचा केस इकडचा तिकडे झाला तर पडद्यावर रामाचं नाक वाकडं. आज आपण म्हणतो की साधन हातात आलं की माणूस निर्माता होतो. कंदील तर पुष्कळांच्या हातात आला होता.

आता मुंबई. ७ जुलै १८९६. काळा घोडा परिसरातलं वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. एक रुपया म्हणजे त्या काळी साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळे पहिल्या प्रेक्षकांत साहेबलोक जास्त. पण हे खेळ पाहणाऱ्यांत एक मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांचा मुंबईत फोटोचा धंदा होता. त्यांनी ती चित्रं पाहिली आणि इंग्लंडहून एक कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. रुपयांत करायचं झालं तर तीनशेच्या वरच. १८९९ मध्ये त्यांनी मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. मग माकडांचा खेळ. मग १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा चौपाटीवर झालेलं त्यांचं स्वागत. भारतीय माणसाने आपल्या लोकांची हलती चित्रं घेतली, त्यांतली ही सुरुवातीची.

सावेदादांच्या कामातला एक तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे तो फार महत्त्वाचा होणार आहे. कुस्तीची फिल्म त्यांनी घेतली, पण धुवायला ती लंडनला पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा आपला, पैलवान आपले, ऊन आपलं, आणि चित्र उमटणार टेम्सच्या काठी. सावेदादांनी काही वर्षांनी चित्रण सोडलं, कॅमेरा विकला आणि ते चित्रपट दाखवण्याच्या धंद्यात गेले. या धंद्यात पैसा चांगला होता. आम्ही यात त्यांना दोष देणार नाही. दाखवण्याचा धंदा करण्याच्या धंद्यापेक्षा सुखाचा असतो, ते तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

कारण तोवर मुंबईत परदेशी चित्रांचा पूर आला होता. तंबूतले सिनेमे, नाटकगृहांत खेळाच्या जोडीला दाखवायच्या फिल्मा, मग कायमची थिएटरं. पॅरिसच्या पॅथे कंपनीने भारतात कचेरी उघडली. फ्रेंच विनोदी तुकडे, पाठलाग, जनावरांच्या गमती, राजेरजवाड्यांच्या मिरवणुका. सगळं छोटं, एकामागून एक, मिनिटामिनिटाला नवीन. ओळखीचं वाटतंय ना?

या पुरात उभा असलेला एक माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे, छपाई, नाटकाचे पडदे, एवढंच काय जादूचे प्रयोगसुद्धा त्यांनी केलेले. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा, म्हणजे फाळके हे नाव उलटं वाचलं की होतं ते. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि सोडली. छापखाना काढला, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन यंत्रं आणली, आणि मग भागीदाराशी पटेना म्हणून तोही सोडला. चाळीस वर्षांचा, संसारी, हाताला काम नसलेला माणूस. त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलं असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही.

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते आणि पुढच्याच ओळीत ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होतो. मधल्या दीड-दोन वर्षांत काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते सगळी गोष्ट त्या मधल्या काळातच आहे.

मधल्या काळात फाळके चित्रपट बघत होते. म्हणजे किती? मुंबईत लागलेला एकही चित्रपट सोडायचा नाही, अशा हट्टाने. रोज चार-पाच तास. रात्रीची झोप तीन-साडेतीन तासांची. एक छोटं सिनेमायंत्र आणि फिल्मचे तुकडे विकत आणले, आणि घरी रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून भिंतीवर चित्रं बघत बसायचं. या सगळ्याने डोळे गेले. अक्षरशः गेले, काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली.

थोडं थांबून विचार करू. आजच्या भाषेत सांगायचं तर या माणसाने स्क्रीनपुढे बसून डोळे घालवले. घरात पैसा नाही, नोकरी नाही, सामान विकायची वेळ आलेली, आणि घरचा कर्ता पुरुष रोज सिनेमा बघतोय. आपण त्याला काय सल्ला दिला असता? तोच, सुरुवातीला सांगितला तो.

मग बाकीच्या हजारो प्रेक्षकांपेक्षा यांचं बघणं वेगळं कशात होतं? आम्हाला याचं उत्तर त्या मेणबत्तीत सापडतं. थिएटरात चित्र समोर येतं आणि निघून जातं, त्याला थांब म्हणता येत नाही. घरी फिल्मचा तुकडा हातात असतो. तो उजेडापुढे धरता येतो, एकेक चित्र मोजता येतं, एका चित्रात हात इथे आहे आणि पुढच्यात केसभर वर सरकला आहे हे दिसतं. फाळके ठसे करणारे, छपाई जाणणारे. रंगीत चित्र छापायचं तर ते आधी रंगारंगांत वेगळं करावं लागतं, मग एकावर एक छापलं की पूर्ण होतं. वस्तू उलगडून बघायची सवय त्यांच्या हाताला वीस वर्षं होती. ती सवय घेऊन ते सिनेमाला गेले. त्यात जादूचं अंग. जादूगाराला जादू बघताना टाळ्या वाजवता येत नाहीत, त्याचं लक्ष दुसऱ्या हाताकडे असतं.

सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याने चलत्चित्रणाची मुळाक्षरं शिकवणारं एक पुस्तक लिहिलं होतं, ते त्यांना मिळालं. ‘बायोस्कोप’ हे लंडनचं साप्ताहिक ते मागवू लागले. आणि मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून, घरातलं किडूकमिडूक विकून फेब्रुवारी १९१२ मध्ये निघाले लंडनला. तिथे ‘बायोस्कोप’च्या कचेरीत जाऊन संपादक कॅबोर्न यांना भेटले. त्या गृहस्थांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, तुमच्या देशाची हवा मानवणार नाही वगैरे. पण मग स्वतःच हेपवर्थ यांच्याकडे घेऊन गेले. ज्याचं पुस्तक वाचलं त्याचा स्टुडिओ प्रत्यक्ष बघायला मिळाला. पंधरा-एक दिवसांचा मुक्काम, आणि १ एप्रिल १९१२ ला फाळके मुंबईत परत. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवलेली होती, ती मागाहून बोटीने आली.

आता या दुसऱ्या वस्तूकडे वळू. कॅमेऱ्याबद्दल सगळे बोलतात, भोकं पाडायच्या यंत्राबद्दल कोणी बोलत नाही. फिल्मच्या दोन्ही कडांना जी भोकं असतात त्यांत कॅमेऱ्याचे दात अडकतात आणि पट्टी पुढे सरकते. ती कच्ची फिल्म कोरी मिळायची, कडा अखंड. भोकं आपण पाडायची. आणि फिल्मला उजेड लागून चालत नाही, म्हणजे हे काम करायचं अंधारात.

जरा हिशोब करू या, आम्हाला हा हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. एका फुटात १६ चित्रं. एका चित्राला एका बाजूला चार भोकं, दोन्ही बाजूंना मिळून आठ. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे ५९,२०० चित्रं. आणि भोकं? ४,७३,६००. यंत्र एका दाबात एकाहून जास्त भोकं पाडतं हे खरं, पण हा आकडा फक्त पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या एका प्रतीचा आहे. वाया गेलेली फिल्म, पुन्हा घेतलेले प्रसंग, जास्तीच्या प्रती यांचा यात हिशोब नाही. आणि एक भोक जरी सरकलं तरी पडद्यावर चित्र उडी मारतं.

हे काम करत होत्या सरस्वतीबाई फाळके. फाळक्यांच्या पत्नी. दिवसभर चित्रणाच्या जागी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहायचं, कारण उजेड परतवायला दुसरं साधन नव्हतं. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. पोरं सांभाळायची. आणि रात्री सगळं आवरलं की अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. दागिने आधीच गेलेले. तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा तेही त्यांना विचारून झालं होतं. त्यांनी नकार दिला. एवढ्या कामात आणखी तारामतीही व्हायचं तर बाकीचं कोण करणार होतं?

स्वतः करा या सल्ल्यातला ‘स्वतः’ हा शब्द आपल्याला इथे अडखळवतो. फाळक्यांनी स्वतः चित्रपट केला असं आपण म्हणतो. पटकथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, कॅमेरा त्यांचा, रंगभूषा त्यांची, जुळणी त्यांची, हे सगळं खरं आहे. पण या ‘स्वतः’मध्ये एक अख्खं घर आहे. दादरच्या मथुरादास भुवनाच्या आवारात काचेची खोली उभी राहिली, घरात अंधारखोली झाली, थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. एका प्रसंगाच्या वेळी तो खडकावर पडून बेशुद्ध झाला, आणि चित्रपटात नंतरचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा होता म्हणून तो तशाच अवस्थेत चित्रित केला गेला, असं सांगितलं जातं. आजच्या आईबापांच्या अंगावर काटा येईल. आला पाहिजेही. घराच्या या कष्टांना पगार नव्हता, श्रेयनामावलीत जागा नव्हती. पुढे कित्येक वर्षं सरस्वतीबाईंचं नाव चित्रपटाच्या इतिहासात ‘फाळके यांच्या पत्नी’ एवढंच येत राहिलं. २००९ साली परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने त्यांना लोकांसमोर ठळकपणे उभं केलं, ही चांगली गोष्ट झाली.

मागे वळून एक गोष्ट बघू. चित्रपटाला पैसा हवा होता, आणि पैसेवाले नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नव्हते. कॅमेरा आला तेव्हा फाळक्यांनी कथा-बिथा काही घेतली नाही. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. कॅमेरा समोर लावून ठेवला आणि महिनाभर, ठरावीक अंतराने, एकेक चित्र घेत राहिले. मिनिटभर चालणाऱ्या फिल्मला सेकंदाला १६ च्या हिशोबाने ९६० चित्रं लागतात. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वर आला, वाढला, वेल झाला. नाव ‘अंकुराची वाढ’. ती यशवंतराव नाडकर्णी आणि आणखी काही ओळखीच्या मंडळींना दाखवली आणि कर्ज मिळालं.

आम्हाला ही मिनिटभराची फिल्म ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षाही मोलाची वाटते. तिच्यात देव नाहीत, नट नाहीत, पडदे नाहीत. पण चित्र घेणं, धुणं, प्रत काढणं, दाखवणं हे सगळं घराच्या चार भिंतींत झालं. सावेदादांची कुस्ती लंडनला गेली होती. खुद्द त्याच वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावातच प्रदर्शित झाला होता, म्हणजे ‘हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी. तो नाटकाचा प्रयोग चित्रित केलेला होता, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुतली गेली परदेशात. पहिला भारतीय चित्रपट कोणता यावरून वाद आहे तो यामुळेच. आम्ही या वादात निकाल द्यायला बसलेलो नाही. तोरण्यांचं कर्तृत्व आपण कमी लेखतो असं आम्हालाही वाटतं. पण फाळके ज्याच्यामागे लागले होते ते काय होतं, हे या फरकाने नीट कळतं. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची प्रत्येक पायरी आपल्या हातात हवी. का? कारण फिल्म लंडनला गेली की चूक कळायला दोन-अडीच महिने. घरी धुतली की चूक दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, आणि पुन्हा करता येतं. शिकणं त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळीच होतं.

बाकीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, ती भरभर सांगतो. नट मिळेनात, बाई तर कोणीच मिळेना. वेश्यावस्तीतही नकार मिळाला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. हॉटेलात दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. हेच साळुंके पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही झाले. हे चित्रपटाचं काम म्हणजे काय ते कोणाला सांगता येईना, म्हणून नटांनी घरी सांगायचं की आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आणि गंमत म्हणजे तो एकटा आला नाही. जोडीला परदेशी बाईचा नाच, विनोदी नक्कल, पायांवर वस्तू खेळवणारा कसरतपटू असा सगळा मसाला होता. तो पूर ओसरला नव्हता. त्याच्यातच एक होडी सोडली होती.

मग ही होडी बघणाऱ्यांचं काय झालं?

यासाठी कोल्हापूरला जावं लागेल. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव. मेस्त्री घराणं, म्हणजे लाकूड, धातू, रंग, सगळं घरातच. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे हे दोघे, शाळा फारशी नाही. फाळक्यांचे चित्रपट पाहून त्यांच्याही डोक्यात तेच भरलं. पण विल्यमसनचा कॅमेरा आणायला ना पैसा, ना लंडनची बोट. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून सिनेमा दाखवायचं एक वापरलेलं यंत्र विकत घेतलं. दाखवायचं यंत्र, घ्यायचं नाही. आणि ते खोलून बसले.

तर्क सोपा होता, तो कृतीत आणणं अवघड. दाखवायच्या यंत्रात फिल्म झटक्याझटक्याने पुढे सरकते आणि मागून आलेला उजेड चित्र बाहेर फेकतो. कॅमेऱ्यातही फिल्म तशीच झटक्याझटक्याने सरकते, फक्त उजेड बाहेरून आत यायचा. म्हणजे एकाची रचना कळली की दुसरं करता यायला हवं. पट्टी थांबते तेवढ्याच क्षणी झडप उघडली पाहिजे, सरकताना मिटली पाहिजे. हा मेळ बसायला वर्षं गेली. १९१६ मध्ये आनंदराव वारले, कॅमेरा अर्धाच राहिला. बाबूरावांनी आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो १९१८ मध्ये पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, भांडवल देणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला, कोल्हापुरात केलेल्या कॅमेऱ्याने घेतलेला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या, आणि त्याची किंमत त्या नट्यांना आपापल्या समाजात मोजावी लागली. टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

या कंपनीत काम मागायला येणाऱ्या पोरांना एकच एक काम मिळायचं नाही. झाडू मारा, रंग कालवा, पडदे ओढा, कॅमेरा धरा, उभे राहा आणि नट व्हा. शांताराम वणकुद्रे नावाचा असाच एक पोरगा तिथे आला, पुढचे व्ही. शांताराम. तेच शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि कुलकर्ण्यांच्या भांडवलावर त्यांनी प्रभात काढली. जुनं यंत्र खोलून बघणाऱ्या दामल्यांनी बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, आणि फत्तेलालांबरोबर १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला.

फाळक्यांचं मात्र पुढे फारसं बरं झालं नाही. नाशिकला बस्तान हलवलं, भांडवलदारांबरोबर १९१८ मध्ये कंपनी झाली, भांडणं झाली, ते काशीला निघून गेले, परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ संपला. १९३७ मध्ये कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट झाला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. घरात राहून सगळं आपल्या हातात ठेवणारा माणूस मोठ्या कंपनीत रमला नाही, यात आम्हाला फारसं आश्चर्य वाटत नाही. एका घरात मावणारा उद्योग त्या घराबाहेर गेला की त्याचे नियम बदलतात.

पण त्यांच्या कारकिर्दीच्या ऐन भरात, १९१७ मध्ये, त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला सुरू केली, मराठीत. आपण आज जे सांगितलं त्यातलं बरंचसं तिथूनच आपल्यापर्यंत आलं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची एक छोटी फिल्म काढली. आठवा, हा माणूस जादूगार होता, प्रोफेसर केळफा. जादूगार सहसा आपली युक्ती सांगत नाही. आणि हा बाजार तेव्हा नवीन, स्पर्धक तयार होत होते. तरी त्यांनी थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला दाखवलं की हे असं करतात.

त्या फिल्मचे काही तुकडे शिल्लक आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना काम समजावताना आणि फिल्मची पट्टी हातात घेऊन तपासताना. प्रश्न घेण्याआधी ते तुकडे आपण पडद्यावर बघू. मूकपट आहे, त्यामुळे आवाज येत नाही अशी तक्रार कृपया करू नका. आणि पट्टी हातात धरल्यावर त्यांचे डोळे कुठे जातात तेवढं बघा.